घड्याळाचे रूप कोणाचे? मनगटी घड्याळांतील अस्सल आणि नक्कल

परभणी, लातूर किंवा नांदेडच्या बसस्थानकाबाहेर घड्याळांची जी हातगाडी उभी असते, तिच्यावर काळ्या डायलचे, साठ मिनिटांच्या खुणा कोरलेल्या फिरत्या कड्याचे आणि जाड पोलादी पट्ट्याचे एक घड्याळ हमखास सापडते. त्याच्या डायलवर कधी बिनधास्त 'रोलेक्स' असे छापलेले असते, तर कधी नावातले एखादे अक्षर हळूच बदललेले असते. साधारण हेच रूप संभाजीनगरच्या एखाद्या मोठ्या दुकानात काही हजार रुपयांना, वेगळ्या नावाने, रीतसर बिल आणि वॉरंटी कार्डासह मिळते, आणि हेच रूप स्वित्झर्लंडच्या कंपनीच्या मूळ घड्याळात कित्येक लाखांना विकले जाते. सर्वांत महाग ते मूळ आणि उरलेल्या दोन त्याच्या नकला, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. तो अर्धाच बरोबर आहे. हातगाडीवरचे घड्याळ आणि दुकानातले घड्याळ एकाच पंक्तीत बसत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर घड्याळात नेमके काय काय उसने घेता येते, हे एकेक करून पाहावे लागते.

सुरुवात आतून करावी. घड्याळाचे मागचे झाकण उघडल्यावर जे दिसते त्याला आपल्याकडचे घड्याळजी मशीन म्हणतात, आणि जगातल्या बहुसंख्य घड्याळ कंपन्या हे मशीन स्वतः बनवत नाहीत. स्वित्झर्लंडची ईटीए, जपानमधील सिटिझन समूहाची मियोटा आणि सेइको असे मोजके उत्पादक ती प्रचंड संख्येने तयार करतात आणि इतर कंपन्या ती विकत घेऊन आपापल्या घड्याळांत बसवतात. सेइकोचे एनएच ३५ हे ऑटोमॅटिक मशीन तर आज इतक्या वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत धडधडत असते की त्यांची यादी करणेही अवघड आहे. रोख मोजून घेतलेल्या मशीनला नक्कल म्हणण्याचे कारण नाही. डायलच्या बाबतीतही पूर्वी असेच चाले. जर्मनीतील फोर्त्सहाइम शहरात वेबर आणि बाराल नावाची डायल बनवणारी कंपनी होती, आणि १९३० च्या दशकात तिच्याच वळणाचे डायल लांगे आणि स्टोवा या दोन स्वतंत्र कंपन्यांच्या घड्याळांवर झळकत होते. नोमोस या जर्मन कंपनीने १९९२ साली आणलेले टँजेंट हे घड्याळ त्याच डायलच्या घराण्यातले आहे. टँजेंट आणि स्टोवाचे आजचे अँटेया शेजारी ठेवले तर नवखा माणूस एकाने दुसऱ्याची चोरी केली असे शपथेवर सांगेल, प्रत्यक्षात मात्र दोघांचा पूर्वज एकच आहे.

आता बाहेरच्या रूपाकडे येऊ. पाणबुड्यांसाठीच्या, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांसाठीच्या घड्याळांचा मुद्दा मुळापासून समजून घेण्याजोगा आहे, कारण नकलेचे बहुतेक आरोप याच जातीच्या घड्याळांवरून होतात. ब्लाँपाँ कंपनीचे फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचे सबमरिनर ही दोन्ही घड्याळे १९५३ च्या सुमारास आली. पहिल्याच्या जडणघडणीत फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांच्या गरजांचा मोठा वाटा होता, आणि पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर ही खोली त्याच्या नावातच आली आहे. दोघांचीही डायल काळी होती, खुणा अंधारात चमकणाऱ्या होत्या आणि काचेभोवती फिरणारे कडे होते. हे साम्य योगायोगाने आलेले नाही आणि चोरीतूनही आलेले नाही. पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाला घड्याळाकडून एकच गोष्ट प्रामुख्याने हवी असते, आणि ती म्हणजे आपण खाली येऊन किती मिनिटे झाली याचा हिशेब, कारण पाठीवरच्या नळकांड्यातली हवा त्या मिनिटांवरच मोजली जाते. म्हणून तो उडी मारण्यापूर्वी कड्यावरचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणतो, आणि पुढे काटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर असेल तितकी मिनिटे झाली असे एका दृष्टिक्षेपात वाचतो.

यातली एक खुबी सांगण्यासारखी आहे. पाण्यात काम करताना कड्याला धक्का लागून ते सरकले तर हिशेब चुकतो, आणि प्रत्यक्षापेक्षा कमी मिनिटे दिसली तर हवा संपेपर्यंत माणूस खालीच राहील. यावर फिफ्टी फॅदम्सने खाली दाबल्याशिवाय न फिरणारे कडे केले. पुढे सर्वत्र रूढ झालेला उपाय म्हणजे कडे फक्त डावीकडे फिरू देणे. असे कडे धक्क्याने सरकलेच तर झालेली मिनिटे जास्त दाखवते, पाणबुड्या लवकर वर येतो आणि जिवाचा धोका टळतो. आज आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा घड्याळांसाठी किमान १०० मीटर खोलीची क्षमता, अंधारात २५ सेंटीमीटरवरून वाचता येणे आणि चुकून न सरकणारी वेळ मोजण्याची सोय या अटी आहेत. या अटी पाळून दहा जणांनी दहा घड्याळे काढली तरी ती एकमेकांच्या भावंडांसारखीच दिसणार. सैन्याच्या घड्याळांचेही तसेच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ५५ मिलिमीटर रुंदीचे मोठे घड्याळ मागवले ते पाच कंपन्यांनी एकाच नमुन्याबरहुकूम बनवले, आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या नमुन्याची घड्याळे बारा कंपन्यांकडून घेतली. तिथे मूळ कोण, हा प्रश्नच लागू पडत नाही, कारण आकार खरेदीदाराने ठरवला होता.

मग नक्कल ओळखायची कुठे? कामासाठी ज्याची गरज नाही, तिथे. सबमरिनरच्या तास काट्याच्या टोकाशी एक वर्तुळ असते आणि त्या वर्तुळाचे तीन भाग केलेले असतात. काटा ठळक दिसावा म्हणून तो रुंद हवा, हे मान्य, पण रुंदी साधायला बाणाचे टोक, चौकोन, पान असे कितीतरी आकार चालले असते. किल्ली द्यायच्या बोंडाला दोन्ही बाजूंनी धातूचे खांदे देण्याची कल्पना सबमरिनरवर १९५९ साली आली. खांद्यांचा उपयोग खरा आहे, परंतु त्यांचा विशिष्ट उतार, केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या कडांची वळणे आणि पट्ट्याच्या कड्यांचे प्रमाण ही रचनाकाराची निवड आहे. एखाद्या घड्याळात फिरते कडे, काळे डायल आणि चमकत्या खुणा असतील तर ते पाणबुड्यांचे घड्याळ आहे, एवढेच म्हणता येते. त्यात तोच तीन भागांचा काटा, तेच खांदे आणि तारखेवरचे तेच फुगीर भिंगही असेल, तर बनवणाऱ्याने समोर कोणाचा फोटो ठेवला होता हे सांगायला जाणकार लागत नाही.

रचनाकाराची निवड किती निर्णायक असू शकते, हे झेराल्ड जेंटा यांच्या कामात दिसते. ओदमार पिगे कंपनीसाठी त्यांनी रेखाटलेले रॉयल ओक १९७२ साली बाजारात आले. त्याचे अष्टकोनी कडे पाणबुड्याच्या जुन्या शिरस्त्राणावरून सुचले आणि त्यावर आठ स्क्रू उघडपणे दिसू दिले गेले. तोवर उंची घड्याळ म्हणजे सोन्याचे, नाजूक आणि जोडणीची कुठलीही खूण न दाखवणारे, असा शिरस्ता होता, आणि जेंटांनी साध्या पोलादाला सोन्याच्या रांगेत नेऊन बसवले. चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनीच पटेक फिलिपसाठी जहाजाच्या खिडकीवरून नॉटिलस रेखाटले आणि त्याच वर्षी आयडब्ल्यूसीचे त्यांनी रेखाटलेले इंजेनिअर एसएलही आले. तिन्हींमध्ये केस आणि पट्टा एकमेकांत वितळल्यासारखे जोडलेले आहेत. तीन स्पर्धक कंपन्यांच्या घड्याळांतले हे साम्य म्हणजे एकाच हाताचे वळण आहे, त्यामुळे त्याला नक्कल म्हणणे बरोबर होणार नाही. १९७७ चे व्हाशरोन कॉन्स्टँटिनचे २२२ हे घड्याळही त्याच वळणाचे असल्यामुळे बरेच जण ते जेंटांच्या नावावर खपवतात, पण ते योर्ग हिसेक यांचे आहे. वळण पसरते ते असे, आणि श्रेय देताना गफलत होते तीही अशीच.

रॉयल ओकच्या त्या आठ स्क्रूंकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. त्यांच्या माथ्यावरच्या खाचा एका वर्तुळात ओळीने लागलेल्या दिसतात, आणि नेहमीचा स्क्रू असा कधीच थांबत नाही, कारण तो जिथे घट्ट होईल तिथे त्याची खाच कशीही तिरपी राहते. जेंटांच्या घड्याळात या स्क्रूंचे माथे षटकोनी आहेत आणि ते कड्यातल्या षटकोनी खोबणीत बसलेले असल्यामुळे फिरूच शकत नाहीत, फिरवून घट्ट करायचा भाग मागच्या बाजूला आहे. समोरून दिसणारी शिस्त ही जोडणीच्या पद्धतीतून आली आहे. स्वस्त नकलेत गोल माथ्याचे स्क्रू असतात आणि त्यांच्या खाचा आठ दिशांना तोंड करून बसलेल्या असतात, किंवा स्क्रू मुळात नसतातच, नुसता ठसा मारलेला असतो. नक्कल करणाऱ्याला दिसते ते उचलता येते, त्यामागचे कारण उचलायचे तर खर्च करावा लागतो.

हे सगळे आजकालच्या बाजाराचे दुखणे आहे, असे मात्र नाही. पॅरिसमध्ये नावारूपाला आलेले घड्याळजी आब्राहम-लुई ब्रेगे यांच्या हयातीतच त्यांच्या नावाची बनावट घड्याळे इतकी निघाली की १७९५ च्या सुमारास त्यांनी डायलवर विशिष्ट कोनातून प्रकाश पडल्यावरच दिसेल अशी अतिशय बारीक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. गंमत पुढे आहे. टोकाजवळ पोकळ वर्तुळ असलेले जे निळे काटे ब्रेगेंनी रूढ केले, ते आज कितीतरी कंपन्यांच्या घड्याळांवर सर्रास वापरले जातात, त्यांना ब्रेगेंचे काटे असेच म्हटले जाते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्यांचे नाव लिहिणे तेव्हाही फसवणूक होती आणि आजही आहे. काट्याचा आकार मात्र दोन शतकांत सगळ्यांच्या मालकीचा झाला. नाव आणि आकार यांच्यातला हा फरक एकदा ध्यानात आला की या विषयातला अर्धा गोंधळ मिटतो.

नाव स्वतःचे आणि आकार दुसऱ्याच्या प्रसिद्ध घड्याळाचा, अशा घड्याळांना त्यांचे चाहते 'होमेज' म्हणतात. यावर आपल्याकडच्या हिमरूचे उदाहरण फार समर्पक आहे. राजेरजवाड्यांसाठी रेशमात सोन्याचांदीची जर भरून विणला जाणारा किनखाब सर्वांना परवडणारा नव्हता, तेव्हा त्याच धर्तीची वेलबुट्टी सूत आणि रेशमात विणून हिमरू तयार झाला, आणि आज तो संभाजीनगरची स्वतंत्र ओळख मानला जातो. हिमरू विणणाऱ्यांनी तो किनखाब म्हणून विकला नाही, शिवाय वेगळ्या धाग्याला साजेसे स्वतःचे तंत्रही घडवले. होमेज घड्याळांना हीच दोन मापे लावावीत, असे माझे मत आहे. त्यातली बहुतेक पहिल्या मापाला उतरतात, कारण त्यांवर दुसऱ्याचे नाव नसते. दुसऱ्या मापाला मात्र फार थोडी टिकतात. पाणबुड्यांच्या घड्याळाची परंपरा घेऊन काटे, खुणा आणि केस नव्याने विचारपूर्वक रेखाटणारी छोटी कंपनी आदराला पात्र आहे. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत हुबेहूब उतरवून फक्त नाव बदलणाऱ्या कंपनीकडे कायद्याच्या दृष्टीने कदाचित बोट दाखवता येणार नाही, पण तिला स्वतःचे सांगायचे काहीच नाही, हे ते घड्याळ स्वतःच जाहीर करत असते.

कायदा याकडे कसा पाहतो, ते थोडक्यात पाहू. भारतात एका घड्याळावर निरनिराळे हक्क असू शकतात आणि त्यांची मुदत वेगवेगळी असते. मशीनमधल्या नव्या तांत्रिक शोधाला पेटंट मिळाले तर ते २० वर्षे टिकते. डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाची नोंदणी डिझाइन कायदा, २००० नुसार करता येते. ते संरक्षण आधी १० वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे, म्हणजे जास्तीत जास्त १५ वर्षे मिळते. शिवाय अर्जाआधी ते रूप देशात किंवा परदेशात प्रसिद्ध झालेले असेल तर नोंदणी टिकत नाही. नोंदणी न करता चित्र म्हणून कॉपीराइटचा आधार घ्यावा, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १५ नुसार नोंदणीयोग्य रूपाच्या वस्तू कारखान्यात ५० हून अधिक संख्येने बनल्या की तो आधारही संपतो. याउलट व्यापारचिन्ह, म्हणजे कंपनीचे नाव आणि मुद्रा, दर १० वर्षांनी नूतनीकरण करून अमर्याद काळ राखता येते. म्हणूनच जुन्या प्रसिद्ध घड्याळांच्या कंपन्या आता आकारालाच व्यापारचिन्हाचा दर्जा मिळवू पाहतात. आपला १९९९ चा कायदा आकाराला तसा दर्जा देतो, पण जो आकार तांत्रिक परिणामासाठी आवश्यक आहे किंवा जो वस्तूला भरीव मूल्य देतो तो वगळून. पाणबुड्यांचे फिरते कडे कोणा एकाच्या मालकीचे का होऊ शकत नाही, याचे उत्तर या अपवादात आहे.

अर्थात लोकांच्या मनात एखादे रूप एका नावाशी पक्के जोडले गेले असेल तर जुने रूपही हक्क सांगू शकते. स्विस रेल्वेचे घड्याळ हान्स हिल्फिकर यांनी १९४४ साली रेखाटले, आणि त्याचा लाल सेकंद काटा रेल्वे कर्मचाऱ्याच्या सिग्नलच्या गोल थाळीसारखा आहे. २०१२ साली ॲपलने आपल्या आयपॅडवर तसेच घड्याळ दाखवले तेव्हा स्विस रेल्वेने हरकत घेतली आणि ॲपलला रीतसर परवाना घ्यावा लागला. हातगाडीवरच्या फर्स्ट कॉपीच्या, म्हणजे मूळ कंपनीचे नाव छापलेल्या नकलेच्या बाबतीत मात्र इतका खल करण्याचे कारणच नाही. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने लावणे आणि तसा माल विकणे हा सरळ गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

भारताच्या घड्याळ उद्योगाची सुरुवातच उसन्या ज्ञानावर झाली, पण ते उघडपणे, करार करून घेतले होते. एचएमटीने १९६१ साली बंगळुरूमध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली. मराठवाड्यात एका पिढीच्या नवरदेवांच्या मनगटावर लग्नात जे पहिले घड्याळ चढले, ते बहुधा याच कंपनीचे होते. एचएमटीच्या कित्येक डायलवर 'पॅराशॉक' हा शब्द दिसतो. घड्याळ पडल्यावर आतल्या चाकाची नाजूक अणी मोडू नये म्हणून केलेल्या सोयीला सिटिझनने दिलेले हे नाव आहे. म्हणजे ज्याला आपण अस्सल देशी घड्याळ मानतो, त्याच्या तोंडावरच त्याच्या गुरूने दिलेले नाव लिहिलेले आहे, आणि त्याने त्याचा अस्सलपणा तसूभरही कमी होत नाही. पुढे २००२ साली टायटनने एज हे घड्याळ आणले. त्याची एकूण जाडी ३.५ मिलिमीटर होती आणि आतले मशीन जेमतेम १.१५ मिलिमीटरचे. त्याचे साधे डायल पाहून कोणी थबकणार नाही, कारण तिथले नवेपण आतल्या अभियांत्रिकीत आहे आणि बाहेरचे सडपातळ रूप हा तिचाच परिणाम आहे.

एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. जुन्या एचएमटी घड्याळांची ओढ त्यानंतर वाढतच गेली आणि त्या ओढीवर पोसलेला नकलेचा एक वेगळाच धंदा आज जोरात आहे. एचएमटीचे जनता किंवा पायलट या नावाचे जुने घड्याळ घ्यायचे, त्याचे डाग पडलेले डायल खरवडून नव्याने रंगवायचे, त्यावर कंपनीने कधीही न काढलेला भडक हिरवा किंवा केशरी रंग चढवायचा, दुसऱ्याच घड्याळाचे काटे लावायचे आणि 'कंपनीचा जुना, न वापरलेला माल' म्हणून ऑनलाइन विकायचे, असा तो प्रकार आहे. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना उपहासाने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आतले मशीन अस्सल, केस बहुधा अस्सल, नावही अस्सल कंपनीचेच, आणि तरीही समोर ठेवलेली वस्तू खोटी, असा हा पेच आहे. आठशे रुपयांची फर्स्ट कॉपी घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे पक्के ठाऊक असते. रंगवलेले जनता घेणारा मात्र वडिलांच्या घड्याळाची आठवण म्हणून चारपट पैसे मोजतो आणि फसतो. म्हणून गुन्हा म्हणून पहिला प्रकार मोठा असला, तरी मला दुसरा अधिक वाईट वाटतो.

असे डायल ओळखण्यासाठी घड्याळजीकडचे डोळ्याला लावायचे भिंग पुरेसे आहे. कारखान्यात छापलेल्या अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, हाताने पुन्हा छापलेल्या अक्षरांची शाई किंचित पसरलेली असते, आणि 'एचएमटी'च्या अक्षरांची जाडी एकसारखी राहत नाही. मिनिटांच्या बारीक रेषा वर चिकटवलेल्या तासांच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत, एखादी रेषा पट्टीच्या बाजूला सरकलेली दिसते. काटे जिथून वर येतात त्या मधल्या छिद्राच्या काठावर रंगाचा थर साचलेला असतो. मिनिट काटा मिनिटांच्या रेषांपर्यंत पोहोचत नसेल, तर तो दुसऱ्या घड्याळाचा आहे असे समजायला हरकत नाही. चाळीस-पन्नास वर्षे जुन्या मशीनवर झिजेच्या खुणा असताना डायल काल छापल्यासारखे कोरे असेल, तर तेही संशयाला पुरेसे आहे. आपले स्वतःचे घड्याळ पुन्हा रंगवून घेण्यात काहीच गैर नाही, आणि ते काम चोख करणारे कारागीरही आहेत. विकत घेताना मात्र मशीनचा आणि डायलचा जवळून काढलेला फोटो मागवावा, आणि डायल मूळ आहे की पुन्हा रंगवलेले, हे विकणाऱ्याकडून बिलावर लिहून घ्यावे. प्रामाणिक विक्रेता ते लिहून देतो, आणि पुन्हा रंगवलेल्या घड्याळाची किंमत त्या हिशेबाने कमीच सांगतो.